पाऱ्याची साक्ष

आरोग्याविषयी जो उपदेश आज घरोघर पोहोचतो त्यात एका मताचा संचार फार वाढला आहे. शरीराचे तापमान हेच मनुष्याच्या एकंदर आरोग्याचे मूळ होय. ज्याचे तापमान 98.6 अंश फॅरनहाइटच्या खाली राहते त्याचा सारा जीवनव्यापार मंदावलेला असतो. थकवा, स्थूलता, केसांची गळती, निद्रानाश, मनाची उदासी, फार काय, कर्करोगासारखी दुर्धर व्याधीदेखील त्या एका उणिवेतून उद्भवते. सबब कोणत्याही उपायाने तापमान वाढवावे म्हणजे आरोग्य परत लाभेल, असे हे मत आहे. तापमान एका अंशाने उतरले की प्रतिकारशक्ती 30 टक्क्यांनी उतरते, हे वाक्य तर इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की ती शक्ती कोणत्या मापाने मोजली, कोणाच्या शरीरात मोजली आणि टक्केवारी कशी काढली, हे विचारण्याचे ऐकणाऱ्याला सुचतही नाही. प्रतिकारशक्ती ही एका काट्यावर तोलता येईल अशी एकच वस्तू नाही. अनेक प्रकारच्या पेशी, प्रतिपिंडे आणि संदेशवाहक द्रव्ये यांची ती परस्परावलंबी व्यवस्था आहे, आणि म्हणून तिच्या 30 टक्के घटीला काही अर्थच लागत नाही. असे असताना हे मत सुशिक्षितांच्या बैठकीतही प्रमाण मानले जावे याचा मला विषाद वाटतो, आणि त्याचा प्रतिवाद करणे कर्तव्य वाटते.

या मताला कशाचाच आधार नसता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. तीन खऱ्या गोष्टी त्याच्या पाठीशी आहेत आणि त्यांच्याच जोरावर ते तग धरून आहे. थायरॉईड ग्रंथीचा स्राव फार घटला की माणसाला थंडी सोसवत नाही, त्वचा गार व कोरडी पडते, नाडी मंदावते, आणि रोग पराकोटीला गेला तर शरीर खरोखरीच धोकादायक रीतीने थंड पडते, ही पहिली. जंतुसंसर्ग झाला असता शरीर आपले तापमान स्वतःहून वाढवते आणि त्या वाढीचा त्याला पुष्कळदा उपयोग होतो, ही दुसरी. शरीराच्या गाभ्याचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 95 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की जीव संकटात येतो, ही तिसरी. तिन्ही मला पूर्णपणे मान्य आहेत. माझा आक्षेप आहे तो या टोकाच्या अवस्थांवरून, चालत्याबोलत्या, कामधंदा करणाऱ्या माणसाच्या अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकाविषयी जे अनुमान बेधडक काढले जाते त्यावर.

प्रथम 98.6 या आकड्याचीच जबानी घेतली पाहिजे. लाइपत्सिग येथील कार्ल राइनहोल्ड ऑगस्ट वुंडरलिश या थोर जर्मन वैद्याने रोगावस्थेतील शारीर उष्णतेवरचा आपला ग्रंथ 1868 मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे 25,000 रुग्णांच्या काखेत तापमापी ठेवून घेतलेल्या, दहा लाखांच्या घरात जाणाऱ्या नोंदींचा हवाला त्याने दिला होता. आणि तो तापमापी म्हणजे वीतभर लांबीचा काचेचा दांडा, जो प्रत्येक रुग्णाच्या काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावा लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उद्योगामागील तपश्चर्येपुढे मस्तक नम्र होते. ज्वर हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे, मुदतीचा ताप, हिवताप आणि फुप्फुसाचा दाह यांतला ज्वर आपापल्या वळणाने चढतो व आपापल्या वळणाने उतरतो, हा बोध वैद्यकाला मुख्यतः त्याच्यामुळे झाला, आणि रुग्णाच्या खाटेशी टांगलेला तापाचा तक्ता हे त्याच्याच परिश्रमाचे फळ आहे. त्याने सांगितलेली 37 अंश सेल्सिअस ही सरासरी पूर्णांकातली होती. तिचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर होताच तिला दशांश चिन्ह चिकटले, आणि त्या चिन्हाने तिला नसलेली अचूकता बहाल केली. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हेच तापमान प्रत्येकाने राखावे असा दंडक खुद्द वुंडरलिशने कधी घातलाच नव्हता. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे तापमान चढते-उतरते, स्त्रियांचे किंचित अधिक असते, वृद्धांचे कमी असते, हे त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. ज्यांनी त्याचा आकडा उचलला त्यांनी त्याचा हा तपशील वाऱ्यावर सोडला.

पुढे 1992 मध्ये अमेरिकेत फिलिप मॅकोविअक आणि त्यांचे सहकारी यांनी 18 ते 40 वयाच्या 148 निरोगी स्त्री-पुरुषांच्या जिभेखालचे तापमान घेतले. एकंदर 700 नोंदींची सरासरी निघाली 98.2, आणि ज्याला आपण प्रकृतिस्थ माणसाचे तापमान म्हणून शाळेपासून पाठ करत आलो तो 98.6 हा आकडा त्या 700 पैकी अवघ्या 56 नोंदींत आढळला. पहाटे सहाच्या सुमारास तापमान सर्वांत उतरलेले आणि सायंकाळी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत चढलेले. दोहोंतले अंतर सरासरी 0.9 अंश फॅरनहाइट. त्यांच्या हिशेबाने निरोगीपणाची वरची सीमा पहाटे 98.9 आणि दिवसभराचा विचार करता 99.9 ठरली. म्हणजे पहाटे 99.5 भरले तर त्याची चौकशी करावी, आणि तेच सायंकाळी भरले तर करण्यासारखे काही नाही. स्त्रियांच्या शरीरात तर बीजमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने तापमान अर्ध्या अंश फॅरनहाइटहून अधिक चढते आणि पाळी येईपर्यंत चढलेलेच राहते. गावातील सर्व पुरुषांच्या उंचीची सरासरी काढून त्या मापाचा एकच सदरा शिवावा आणि ज्याला तो आखूड होईल त्याच्या हाडांत व्यंग शोधावे, असाच हा प्रकार आहे.

आता हे मत जन्मले कोठे ते पाहू. अमेरिकेतील ब्रोडा बार्न्स या वैद्याने 1942 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात असे मांडले की, सकाळी जाग येताच, अंथरुणातून न उठता काखेतले तापमान घ्यावे, आणि ते 97.8 च्या खाली भरले तर थायरॉईडचा स्राव उणा समजावा. त्या काळी त्या ग्रंथीच्या स्रावाची रक्तातून थेट मोजणी करण्याची सोय नव्हती, त्यामुळे एखाद्या विचारी वैद्याने असा आडमार्ग शोधावा यात गैर काही नव्हते. पण पद्धतीतला दोष उघड आहे. दिवसातली सर्वांत थंड वेळ निवडायची, जिभेखालच्यापेक्षा कमी तापमान दाखवणारी जागा निवडायची, आणि मग आकडा कमी भरला म्हणून रोगाचा दाखला द्यायचा, या वाटेने चाललो तर निरोगी माणसांचा मोठा समुदाय एका सकाळीत रुग्ण ठरतो. बार्न्सच्या त्या लेखानंतर रक्ततपासण्या आल्या, टीएसएच आणि थायरॉक्सिन यांची मोजणी सुलभ झाली. तेव्हा ही काखेची परीक्षा इतिहासजमा व्हायला हवी होती. घडले उलट. 1990 च्या सुमारास फ्लॉरिडातील डेनिस विल्सन या डॉक्टरने स्वतःच्याच नावाचा एक लक्षणसमूह जाहीर केला: रक्तातील थायरॉईडची प्रमाणे प्रकृतिस्थ असूनही ज्याचे तापमान 98.6 च्या खाली राहते आणि ज्याला थकवा, डोकेदुखी, चिडचीड, विस्मरण यांसारखा त्रास आहे तो या व्याधीने ग्रस्त, आणि त्यावर उपाय थायरॉईडचाच टी-3 हा स्राव. या व्याख्येत मोठा धोका आहे. ज्या निदानाला रक्ततपासणीचा कौल प्रतिकूल गेला तरी बाध येत नाही, ज्याची लक्षणे कष्ट करणाऱ्या कोणत्याही माणसात कधी ना कधी सापडतात, आणि ज्याची एकमेव खूण निम्म्याहून अधिक निरोगी लोकांच्या अंगी असते, ते निदान कोणालाही लावता येते आणि कोणापासूनही काढून घेता येत नाही. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने या कल्पनेला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर निवेदन केले आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की संस्था नव्याला नेहमीच विरोध करतात. ठीक, मग संस्था बाजूला ठेवू आणि मोजमापेच पाहू. 2017 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गाचे निदान न झालेल्या 35,488 बाह्यरुग्णांच्या 2,43,506 तापमान-नोंदी त्यांनी तपासल्या. थायरॉईडचा स्राव कमी असलेल्यांचे तापमान इतरांहून कमी आढळले खरे, पण किती? 0.013 अंश सेल्सिअस. घरातला तापमापी एका अंशाचा दहावा हिस्सा जेमतेम दाखवतो. हा फरक त्या दहाव्या हिश्श्याच्याही सुमारे आठव्या हिश्श्याएवढा आहे. ज्या उपकरणाला तो दिसूच शकत नाही त्याच्या भरवशावर थायरॉईडचा निवाडा करण्याचे कसब ज्यांना साधले आहे असे म्हणतात, त्यांनी ते कसे साधले हे दाखवून द्यावे. आणि कर्करोग? थंड शरीरात कर्करोग माजतो असे जे सांगितले जाते, त्याच्या अगदी उलट, कर्करोग असलेल्यांचे तापमान इतरांपेक्षा 0.020 अंशाने अधिक भरले. वय, लिंग, वजन, रोग आणि मोजण्याची वेळ असे जे जे घटक मोजता आले ते सर्व एकत्र धरूनही माणसामाणसांतील तापमानाच्या फरकाचा केवळ 8.2 टक्के भाग उलगडला. उरलेला फरक हा ज्याचा त्याचा. अखेरची गोष्ट अधिक विचारणीय आहे. या न उलगडलेल्या फरकात जे वरच्या बाजूला होते त्यांच्यात पुढील वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण वाढलेले होते, आणि ही वाढ दर 0.149 अंशामागे 8.4 टक्के इतकी होती. यावरून तापमान खाली आणले की आयुष्य वाढेल असे मी म्हणणार नाही, कारण साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. चढलेल्या तापमानामागे एखादा दडलेला दाह असू शकतो आणि मृत्यूचे खरे कारण तो असू शकतो. परंतु ‘जितके ऊन तितके आरोग्य’ या सिद्धान्ताच्या वाट्याला या नोंदींतून पराभवाखेरीज काहीच येत नाही.

आणखी एक दाखला प्रतिपक्ष मोठ्या आत्मविश्वासाने पुढे करतो. मनुष्यजातीचे तापमान दीडशे वर्षांत घटले आहे, आधुनिक राहणीने आपण थंड पडलो आणि म्हणून दुबळे झालो, असे तो म्हणतो. यातला पहिला भाग बहुधा खरा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ज्युली पार्सोनेट आणि सहकारी यांनी 2020 मध्ये 6,77,423 नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या जुन्या वैद्यकीय दप्तरापासून 2017 पर्यंतच्या रुग्णांपर्यंतची मोजमापे होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या पुरुषांचे तापमान आजच्या पुरुषांपेक्षा 0.59 अंश सेल्सिअसने अधिक होते, आणि जन्माच्या प्रत्येक दशकागणिक ते सुमारे 0.03 अंशाने उतरत आले. पण ते जुने सैनिक कोण होते? ज्या काळी क्षय, उपदंश, हिवताप, हिरड्यांचे पू आणि न भरणाऱ्या जखमा ही नित्याची गोष्ट होती त्या काळचे ते लोक. त्यांची शरीरे एका मंद, कायमच्या दाहात जळत होती, आणि तो दाह ओसरला म्हणून तापमान उतरले, हेच या अभ्यासकांना सर्वांत संभाव्य कारण वाटते. बोलिव्हियातील त्सिमाने या अरण्यवासी जमातीतही दोन दशकांच्या आत सरासरी तापमान 37.0 वरून 36.6 च्या आसपास आल्याचे मायकेल गर्व्हेन आणि सहकाऱ्यांना आढळले. तिथे कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत, तरी त्या लोकांची प्रकृती त्या काळात खालावली म्हणून हे झाले असे मात्र कोणी म्हणालेले नाही. ज्या उतरणीला आपल्या पणज्यांच्या खोकल्याचा आणि तापाचा अंत कारण झाला, तिला ऱ्हास म्हणणे हे त्या पिढ्यांच्या यातनांविषयीचे घोर अज्ञान आहे.

ज्वराचा दृष्टान्त उरला. वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर मॅथ्यू क्लूगर यांनी 1975 मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: संसर्ग झालेले सरडे उबदार जागी राहिले तर अधिक जगले, थंड जागी ठेवले तर अधिक मेले. वॅग्नर-यौरेग यांना तर उपदंशजन्य वेडावर हिवतापाचा ज्वर योजून उपचार केल्याबद्दल 1927 चे नोबेल पारितोषिक मिळाले, जरी त्या उपचारातच काही रुग्ण दगावले आणि पेनिसिलिन येताच तो कायमचा मागे पडला. ज्वर उपयुक्त असतो, हे यावरून सिद्ध होते. पण ज्वर म्हणजे काय? मेंदूतील हायपोथॅलॅमस या केंद्रात प्रोस्टाग्लॅन्डिनच्या योगाने तापमानाची नियत पातळीच काही काळापुरती वर सरकते. मग ती गाठण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, घाम थांबतो, हुडहुडी भरते. माधवनिदानात ज्वराचे वर्णन करताना घाम अडणे, अंग तापणे आणि सर्वांग जखडणे यांची सांगड घातली आहे, ती या दृष्टीने किती सूक्ष्म निरीक्षणाची आहे हे वाचकाला सहज पटेल. ही आणीबाणीची व्यवस्था आहे. एका अंश सेल्सिअसच्या वाढीला चयापचयाचा खर्च दहा टक्क्यांहून अधिक वाढतो, आणि संकट सरले की शरीर ती व्यवस्था स्वतःच मोडते. बाहेरून कढत स्नान, वाफारे, गरम काढे यांनी जी उष्णता चढते तिच्यात नियत पातळी जागची हलत नाही. उलट शरीर घाम काढून, त्वचा लाल करून ती उष्णता बाहेर टाकू लागते आणि तासाभरात पूर्ववत होते. ही टाकण्याची शक्ती जिथे संपते तिथे उष्माघात होतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी शेतात किंवा भट्टीवर राबणारा मजूर बरळू लागून कोसळतो तेव्हा त्याचे तापमान 104 च्या पलीकडे गेलेले असते. त्याला पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण मेंदूने पातळी वाढवलेलीच नसते. त्याला ताबडतोब ओला करून वारा घालणे, थंड पाण्यात ठेवणे हाच उपाय असतो. उष्णतेलाच बल समजणाऱ्यांनी हा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा.

अग्निमांद्याचा हवाला देऊन हे मत आपल्या परंपरेचे ठरवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, आयुर्वेदातील अग्नी ही पचनाची व रूपांतराची संकल्पना आहे. तिची परीक्षा भूक, पचन, मल, जीभ, उत्साह यांवरून करायला शास्त्रकारांनी सांगितले आहे. तिला काखेतल्या पाऱ्याशी जुंपण्याने आयुर्वेदाचाही मान राहत नाही आणि शरीरशास्त्राचाही.

तापमापी टाकून द्यावा, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. सायंकाळी रोज बारीक कसर भरते, वजन उतरते आहे, खोकला दोन आठवडे हटत नाही, अशा माणसाच्या घरी तो तापमापी क्षयाची पहिली वर्दी देतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 भरले तर रात्र असो की पहाट, डॉक्टर गाठावाच लागतो. वृद्धाचे नेहमीचे तापमान 97 असेल तर त्याचे 99 हे तरुणाच्या 101 इतके गंभीर असू शकते. आणि जंतुदोष रक्तात भिनलेला वृद्ध कधी तापण्याऐवजी थंडच पडतो, तेव्हा ते लक्षण तापापेक्षाही वाईट असते. या प्रत्येक ठिकाणी बदल हा त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपासून झालेला असतो, आणि सोबत दुसरी लक्षणे बोलत असतात. एकट्या आकड्याची साक्ष किती पोकळ असते हे 2020 मध्ये साऱ्या देशाने पाहिले. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या दारांत कपाळावर रोखलेली ती यंत्रे कधी 94, कधी 93 दाखवत, आणि पहारेकरी समाधानाने आत सोडत. ते आकडे खरे असते तर त्या प्रत्येकाला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले असते. त्याच वर्षी न्यू यॉर्क परिसरातील रुग्णालयांत दाखल झालेल्या 5,700 कोविडग्रस्तांपैकी प्रथम तपासणीच्या वेळी ताप होता तो 30.7 टक्क्यांना. उरलेले दारावरच्या यंत्रापुढून निर्वेध गेले असते.

शेवटचा बचाव असा केला जातो की, मोजले तर बिघडले कुठे, गरम पाणी प्यायले तर नुकसान काय? नुकसान झालेले आहे. डेनिस विल्सनच्या उपचाराखाली असलेली एक स्त्री थायरॉईडच्या अतिरेकी मात्रेनंतर हृदयाची लय बिघडून 1988 मध्ये मरण पावली. 1992 मध्ये फ्लॉरिडाच्या वैद्यक मंडळाने त्याचा परवाना सहा महिन्यांसाठी स्थगित केला. गरज नसताना घेतलेला हा स्राव हृदयाचे ठोके अनियमित करतो आणि हाडे ठिसूळ करतो, याविषयी वैद्यकात दुमत नाही. पण आपल्याकडचे नुकसान त्याहून मुके आणि त्याहून व्यापक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातील प्रजननक्षम वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. हातपाय गार पडतात, चार पायऱ्या चढताना धाप लागते, दुपारीच गळून जायला होते, केस गळतात, अशी तक्रार घेऊन त्यांपैकी एखादी सल्ला विचारायला येते, आणि तुमचे तापमान कमी आहे, उष्णता वाढवा, असे तिला सांगितले जाते. तिला ते पटतेही, कारण हात खरोखरीच गार असतात. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, टीएसएचसाठी एकदा रक्त द्यावे लागते. ज्याने तिला त्या तपासण्यांऐवजी सुंठीचा काढा आणि काखेतला तापमापी दिला, त्याने लोहाच्या गोळ्यांनी काही महिन्यांत भरून येणारे दुखणे आणखी वर्षभर तिच्या अंगावर राहू दिले, आणि या विलंबाचा जाब त्याला विचारला गेला पाहिजे.